पासवर्डची फक्त पहिली ८ अक्षरं टाकली तरी एआयएक्सवर लॉगिन होतंय, हे बंद कसं करायचं?

काउंटर_ते_कन्सोल:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, समजून घ्या. आमच्या पतसंस्थेत एआयएक्स ७.१ (आयबीएमचं युनिक्स) चा एक जुना सर्व्हर आहे, शाखांमधली मंडळी पुट्टीने (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचा प्रोग्राम) आत येतात आणि लॉगिन झालं की थेट जुन्या प्रोग्रामचा मेनू उघडतो. सोमवारी सकाळी काउंटरवरच्या एका मॅडमचा पासवर्ड टाकता टाकता मधेच एंटर दाबला गेला आणि तरीही मेनू आला. त्यांनी लगेच फोन करून सांगितलं, नाहीतर मला आयुष्यात कळलं नसतं.

मग मी स्वतःच्या आयडीवर करून बघितलं. उदाहरण देतो, कोल्हापूर हे रोमनमधे लिहिलं की बरोब्बर ८ अक्षरं होतात. पासवर्ड ठेवला कोल्हापूर आणि पुढे @२०१८. नुसतं कोल्हापूर टाकलं, आत गेलो. कोल्हापूर आणि पुढे काहीही बडबड टाकली, तरी आत. पण ८ मधलं एक अक्षर चुकवलं की लगेच नकार. हातपाय गार पडले माझे, कारण आमच्याकडे दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायचा नियम आहे आणि बहुतेकजण शेवटचे आकडे तेवढे बदलतात, म्हणजे पहिली ८ अक्षरं तीच राहिली असतील तर बदललं काहीच नाही! हिस्टसाइझ (मागचे किती पासवर्ड परत वापरू द्यायचे नाहीत तो आकडा) शून्य होता त्यामुळे सिस्टीमनेही कधी अडवलं नाही. लोकांचे कष्टाचे पैसे आहेत यात, भाजीवाल्यांची, रिक्षावाल्यांची रोजची पिग्मी आहे.

हा बग आहे की सेटिंग? आणि दुरुस्त करताना सगळ्या शाखा एकदम बाहेर फेकल्या जातील का? प्रोग्राम ज्यांनी लिहिला ते आता सपोर्ट देत नाहीत.

नवा_अ‍ॅडमिन:
सर, सिक्युरिटी फोल्डरमधल्या युजर फाईलमधे मिनलेन (पासवर्डची किमान लांबी) १२ करून टाका, सगळ्यांना मोठा पासवर्ड ठेवावाच लागेल.

टेप_ड्राइव्ह:
नाही रे मित्रा, त्याने काही होणार नाही. लोक मोठा पासवर्ड ठेवतातच आहेत, प्रश्न असा आहे की हॅश (पासवर्डऐवजी साठवायचा, उलट न फिरवता येणारा मजकूर) बनवताना नववं अक्षर आणि त्याच्या पुढचं सगळं टाकून दिलं जातं.

दादा, घाबरू नका, तुमचा सर्व्हर कोणी बिघडवलेला नाही. ही युनिक्सची जुनी क्रिप्ट पद्धत आहे, सातव्या आवृत्तीपासूनची, म्हणजे १९७९ ची. त्यात पासवर्डच्या प्रत्येक अक्षराचे ७ बिट घेतात, ८ अक्षरांचे झाले ५६, आणि डीईएसची (कूटबद्ध करायची त्या काळची पद्धत) चावी असतेच ५६ बिटांची. त्या चावीत अजून काही घालायला जागाच नाही, म्हणून ८ वर गाडी थांबते. त्या चावीने सगळ्या शून्यांचा एक ठोकळा २५ वेळा कूटबद्ध करतात आणि वर २ अक्षरांचं सॉल्ट (सारख्या पासवर्डचेही हॅश वेगळे यावेत म्हणून मिसळलेली अक्षरं) लावतात, त्याच्या ४०९६ तऱ्हा होतात. सगळं मिळून १३ अक्षरांचा हॅश.

त्या काळी हे चांगलंच काम होतं हो. बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या लेखात लिहून ठेवलंय की आधीची पद्धत फार वेगात चालायची, म्हणजे अंदाज करणाऱ्यालाही सोपी, म्हणून मुद्दाम हळू पद्धत आणली, आणि सॉल्टने डीईएसच्या आतली मांडणी थोडी बदलली म्हणजे बाजारात मिळणारी डीईएसची चिप लावून कोणी धडाधड अंदाज करू शकणार नाही. पण ते पीडीपी-११ या त्या काळच्या संगणकाच्या हिशोबाने हळू होतं. १९९८ मधे खास बनवलेल्या एका मशीनने डीईएसची अख्खी ५६ बिटांची चावी ५६ तासांत शोधून दाखवली, आणि त्यालाही आता किती वर्षं झाली. इथे तर लोक कोल्हापूर, सोलापूर असले शब्द ठेवतात, त्याला मशीनसुद्धा लागत नाही, गावांची यादी पुरे.

आता दुरुस्ती. ७.१ मधे चांगले अल्गोरिदम आधीपासून आहेत, फक्त न सांगता क्रिप्टच वापरलं जातं. सिक्युरिटी फोल्डरमधली लॉगिन डॉट सीएफजी उघडून बघा, त्यात यूएसडब्ल्यू नावाचा भाग आहे. तिथे पीडब्ल्यूडी-अंडरस्कोर-अल्गोरिदम ची किंमत एसएसएचए५१२ करायची. फाईल हाताने एडिट करण्यापेक्षा सीएचसेक कमांडने करा, स्पेलिंग चुकायची भीती कमी. मग पासवर्ड २५५ अक्षरांपर्यंत चालतो. रीबूट नको, आणि कोणी बाहेर फेकलं जाणार नाही, कारण जुने हॅश तसेच चालत राहतात.

काउंटर_ते_कन्सोल:
खूप खूप आभार काका. आजच टेस्ट सर्व्हरवर करून बघितलं. पण सेटिंग बदलल्यावरही नुसत्या ८ अक्षरांनी अजून आत जाता येतंय, सिक्युरिटीच्या पासवर्ड फाईलमधे हॅशपण १३ अक्षरांचाच दिसतोय. माझं काय चुकलं?

टेप_ड्राइव्ह:
काही चुकलं नाही, शेवटी लिहिलं ना की जुने हॅश तसेच राहतात, त्याची ही दुसरी बाजू. सिस्टीमकडे तुमचा मूळ पासवर्ड नाहीच, नुसता हॅश आहे, मग ती स्वतःहून नवा बनवणार कुठून? पासवर्ड एकदा बदला मग बघा, हॅश महिरपी कंसात एसएसएचए५१२ असं लिहून सुरू होईल आणि चांगला लांबलचक असेल. म्हणजे सेटिंग बदललं तेव्हा अर्धंच काम झालं, प्रत्येक युजरने पासवर्ड बदलेपर्यंत भोक उघडंच आहे. यादी काढायला सोपी युक्ती, पासवर्ड फाईलमधल्या ज्या ओळींत हॅश महिरपी कंसाने सुरू होत नाही ते सगळे अजून जुने (नुसता तारा असेल तर त्या खात्यात पासवर्डने आत जाताच येत नाही, ते सोडा).

रात्रपाळी_ताई:
मी हे दोन ठिकाणी केलंय म्हणून माझी चूक सांगते, तुम्ही करू नका. मी उत्साहात सगळ्या आयडींवर पीडब्ल्यूडीअ‍ॅडएम कमांडने अ‍ॅडमचेंज फ्लॅग लावला, म्हणजे पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलायला भाग पाडायचं. माणसांनी बदलला. पण रात्री फाईल पाठवणारा एफटीपीचा आयडी पण त्याच यादीत होता, तो पासवर्ड कसा बदलणार, बिचारा बाहेरच अडकला आणि सकाळी ७ वाजता मॅनेजरचा फोन. तेव्हा माणसांचे आयडी आणि यंत्रांचे आयडी आधी वेगळे काढा. यंत्रांच्या आयडीचा पासवर्ड रूटने (सर्व्हरच्या मुख्य अ‍ॅडमिन खात्याने) बदलला तरी तोच फ्लॅग आपोआप लागतो, म्हणून बदलल्यावर पीडब्ल्यूडीअ‍ॅडएम ला वजा सी देऊन तो काढायचा, हे विसरूच नका.

दुसरं, तुमचा तो जुना प्रोग्राम स्वतः पासवर्ड विचारतो का ते बघा. सिस्टीमकडून तपासून घेत असेल तर काही त्रास नाही, पण काही जुन्या प्रोग्राममधे पासवर्डला ८ अक्षरांची आणि हॅशला १३ अक्षरांची जागा कायमची ठरवून ठेवलेली असते, तिथे लांब हॅश गेला की तुटतं. सुपरवायझरची परवानगी वगैरे असते ना मेनूत, तीच टेस्टवर आधी करून बघा.

आणि काम करताना रूटची एक विंडो उघडी ठेवा, शेवटपर्यंत बंद करू नका. पासवर्ड फाईलची कॉपी घ्या, पण काम झाल्यावर ती कॉपी पुसा, तिच्यात तेच कच्चे हॅश आहेत.

टेप_ड्राइव्ह:
ताईंनी फार मोलाचं सांगितलं. त्याच धाग्याने, तुमच्या एमकेसिसबी (अख्ख्या सिस्टीमच्या) बॅकअपच्या टेपांवरही जुने हॅश आहेत. त्या कपाटात कुलपात हव्यात. आणि स्टाफला नीट सांगा की नवा पासवर्ड जुन्याच शब्दाने सुरू करू नका, कारण टेपवरून कोणी पहिली ८ अक्षरं काढली तर पुढचे ४ आकडे ओळखायला किती वेळ लागतो.

विंडोज_वारकरी:
विंडोजवाल्यांनो, आपणही निवांत बसू नका. जुन्या एलएम हॅशमधे पासवर्ड १४ अक्षरांत कापतात, सगळं कॅपिटल करतात आणि ७-७ चे दोन तुकडे वेगवेगळे हॅश करतात, म्हणजे फोडणाऱ्याला १४ नाही, दोनदा ७ अक्षरं शोधायची. व्हिस्टापासून तो आपोआप साठवत नाहीत, पण एक्सपीवर चालणारी मशीन कुठल्या तरी कोपऱ्यात असतेच.

काउंटर_ते_कन्सोल:
अपडेट देतोय. प्रोग्राम सिस्टीमकडूनच तपासून घेतो, टेस्टवर सुपरवायझरची परवानगी लांब पासवर्डनेही व्यवस्थित गेली, देवाची कृपा. शनिवारी दुपारी काउंटर बंद झाल्यावर मुख्य सर्व्हरवर सेटिंग बदललं, हिस्टसाइझही वाढवला, आणि रविवारी प्रत्येक शाखेच्या मॅनेजरशी फोनवर बोललो, नुसतं सर्क्युलर पाठवलं असतं तर कोणी वाचलं नसतं. ज्या मॅडमनी पहिला फोन केला होता त्यांनी आपल्या शाखेत सगळ्यांना स्वतः शेजारी बसून बदलून दिले.

आता यादीत जुना हॅश असलेला एकच आयडी उरलाय, रात्रीच्या डे-एंडचा. त्याचा पासवर्ड एका स्क्रिप्टमधे उघडा लिहिलेला सापडलाय आणि ती स्क्रिप्ट अजून कुठून कुठून चालते ते शोधतोय. सापडलं की तोही बदलतो, मग टेपांचं कपाट.