"घरातली सायकल म्हणजे सायकलिंग नव्हे" : एक उत्तर

साखळीसैल
पहाटपक्षी यांनी परवा लिहिलं, "थंडी वाजते म्हणून ट्रेनरला सायकल बांधून बसणारे घाम गाळतात, सायकल चालवत नाहीत. रस्त्यावर या, मग बोलू." (ट्रेनर म्हणजे सायकल अडकवून घरात जागच्या जागी चालवायचा स्टँड.) खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मीही तीन हिवाळे रस्त्यावरच काढले. दोन-दोन हातमोजे चढवून, तरी बोटं बधीर. तिसऱ्या हिवाळ्यात अंधारात पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि कॉलरबोन मोडलं. हात गळ्यात असताना डॉक्टरांना विचारून, निव्वळ नाइलाजाने ट्रेनरवर बसलो. तेव्हा कळलं, माझा रस्त्यावरचा "दोन तासांचा सराव" किती पोकळ होता ते. उतारावर पाय स्थिर, सिग्नलला एक पाय जमिनीवर, गटात असलो की पुढच्याच्या आडोशाला. ट्रेनरवर तास म्हणजे तास. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटांचे दोन तुकडे ठरलेल्या वॉटवर (पॅडलवरच्या जोराचं माप), एकदा तासभर हलकं. बास. ज्या चढावर दरवर्षी जीभ बाहेर यायची, तो हिवाळा संपल्यावर गप्पा मारत चढलो.

आणि व्यावसायिक सायकलपटू मॅथ्यू हेमन कोण, हे पहाटपक्षींना सांगायला नको. २०१६ च्या फेब्रुवारीअखेर शर्यतीत पडून हात मोडला, गॅरेजमध्ये ट्रेनरवर पाय चालू ठेवले आणि एप्रिलमध्ये टॉम बूननला मागे टाकून पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांवरची शर्यत जिंकली. तोही नुसता घाम गाळत होता का?

पहाटपक्षी
आणलात ना हेमनला! ट्रेनरवाल्यांच्या आरतीत तो असतोच. अहो, त्याआधी तो डझनाहून जास्त वेळा रूबेला उतरला होता. त्या दगडांवर सायकल हातात सैल कशी सोडायची हे तो गॅरेजमध्ये शिकला नाही. तुमच्या-माझ्या गाठीला काय आहे?

पायांबद्दल माझं भांडणच नाही. पाय होतात तयार. पण थंडी सरली की पहिल्या गटफेरीला हीच मंडळी येतात, मांड्या ह्या एवढ्या, आणि भर वळणात ब्रेक दाबतात. मागच्या वर्षी असाच एक वीर माझ्या पुढच्या चाकासमोर आडवा आला. मी पडलो, डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर वाकला, आणि साहेब म्हणतात, "सॉरी, वॉट बघत होतो." वॉट!

वॉटवेडा
वॉटला नावं ठेवू नका 😄
बाकी पंख्याबद्दल कोणी बोलणार आहे का? शरीर जी ऊर्जा खर्च करतं त्यातली जेमतेम पाव पॅडलपर्यंत पोचते, बाकी सगळी उष्णता. तुम्ही २०० वॉट मारताय म्हणजे वर ६०० वॉटची शेगडी अंगात पेटलेली आहे. रस्त्यावर ती वारा घेऊन जातो. बंद खोलीत कोण नेणार? लोक खिडक्या लावून एफटीपी टेस्ट (साधारण तासभर किती वॉट टिकतात त्याची चाचणी) देतात आणि आकडा पडला की ट्रेनरला शिव्या घालतात.

आणि "घरात सायकल जपून राहते" हा गैरसमज. घाम थेट स्टेमवर, म्हणजे हँडल धरणाऱ्या जोडावर टपकतो. मी टॉवेल टाकायचा आळस केला, एका हिवाळ्यात हेडसेटचे (हँडल फिरतं त्या सांध्याचे) बोल्ट गंजले. हँडलची टेप सोलली तर खाली पांढरी भुकटी.

खालचामजला
मी सायकल चालवत नाही, माझ्या डोक्यावर चालवतात. रोज पहाटे साडेपाचला घोंऽऽ. सांगायला गेलो तर उत्तर मिळालं, "डायरेक्ट ड्राइव्ह (मागचं चाक काढून बसवायचा ट्रेनर) आहे, आवाज येतच नाही." तुम्हाला येत नसेल हो! थरथर स्लॅबमधून खाली उतरते. जाड रबरी चटई टाका एवढंच म्हणणं होतं. दीड वर्ष झालं.

साखळीसैल
खालचामजला, या एका बाबतीत तुमचं बरोबर. आमच्यातर्फे माफी. आता विषयावर येऊ द्या.

मागचा_ब्रेक
विषयाचं राहू द्या, यादीचं बोला. आपल्या गटाची वर्षभराची किलोमीटरची यादी मी ठेवतो. यंदा पहिला कोण? ज्याने डिसेंबरपासून उंबरठा ओलांडलेला नाही तो. ट्रेनरला जोडलेल्या ॲपमध्ये पडद्यावरच्या डोंगरावर चढतो आणि इथे किलोमीटर लावतो. मी धुक्यात, पुढचं दिसत नसताना सत्तर केले, मी नववा. हे किलोमीटर मोजायचे कशाने? चाक फिरलं म्हणून? मग मिक्सरचंही भांडं फिरतं.

वॉटवेडा
मिक्सरला घाम येत नाही. वॉट खरे असतील तर कष्ट खरे.

मागचा_ब्रेक
वॉट खरे, पण वजन? ते ज्याचं त्याने भरायचं. आपल्यातलेच एक सद्गृहस्थ तिथे ६२ किलोचे आहेत. प्रत्यक्षात जेवणाआधीही ७५ च्या खाली नसतील. आभासी चढावर तेरा किलो म्हणजे काय, ते तुम्हीच हिशेब करून सांगा.

वॉटवेडा
टोमणा कळला. मी ६८ आहे. होतो.

पहाटपक्षी
आणि २०१९ विसरलात? ब्रिटनच्या ई-रेसिंग (ट्रेनरवरच्या आभासी शर्यती) विजेत्याचं पद काढून घेतलं, सहा महिने बंदी. का, तर खेळातली भारी सायकल मिळवायला लागणारी चढाई त्याने प्रोग्रामकडून करवून घेतली होती. सायकल मिळवायला सायकल चालवायचीही गरज नाही. वा रे सायकलिंग!

साखळीसैल
एकाने चोरी केली म्हणून अख्खा बाजार चोर? रस्त्यावरच्या शर्यतींचा डोपिंगचा इतिहास काढू का? रात्र पुरायची नाही. २०२० मध्ये यूसीआयची, म्हणजे जागतिक सायकल संघटनेची पहिली ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा झाली, जेसन ऑस्बॉर्न जिंकला. पुढे त्याला रस्त्यावरच्या व्यावसायिक संघाने घेतलं. दिवाणखान्यातले पाय रस्त्यावर चालतात, याहून काय पुरावा देऊ?

पहाटपक्षी
ऑस्बॉर्न नौकानयनवाला! टोकियो ऑलिंपिकचं रौप्यपदक वल्ही मारून मिळवलंय त्याने. तुमची जागतिक सायकल स्पर्धा नावाडी जिंकतो, याहून काय पुरावा देऊ?

(बरं, माणूस जबरदस्त आहे, ते मान्य. हलके घ्या.)

अर्धीफेरी
इतका वेळ वाचतेय. "रस्त्यावर या, मग बोलू" हे वाक्य कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय, जरा बघा. पहाटे पाचला, अंधारात, मी एकटीने यायचं? आले आहे. दोन महिने. एक मोटरसायकल रोज त्याच वळणापासून मागे यायची, काही न बोलता. रस्ता बदलला, वेळ बदलली, शेवटी सोडलं. मुलं उठायच्या आत चाळीस मिनिटं ट्रेनरवर मिळतात, तेवढीच माझी. ते किलोमीटर यादीत धरा नाहीतर धरू नका. मी कधी लावलेच नाहीत.

पहाटपक्षी
हे माझ्या डोक्यात नव्हतं. ते वाक्य मागे घेतो. फक्त ते वाक्य, साखळीसैल. लगेच नाचू नका.

साखळीसैल
नाचत नाही, पाय हलके पडले आहेत इतकंच.
बरं, मीही एक देतो. ट्रेनरवर सायकल डुलत नाही, त्यामुळे बसण्याच्या हाडांवर सगळा भार एकाच जागी. पहिल्या हिवाळ्यात मला असे फोड आले की आठवडाभर जेवायलाही उभा. आता दर दहा मिनिटांनी पॅडलवर उभा राहतो. हे रस्त्यावर आपोआप होतं. तोल, वळण, गटातलं भान, ट्रेनर शिकवत नाही, मान्य.

पहाटपक्षी
मग रोलर्स घ्या की! नुसते तीन दंडगोल, मागचं चाक बांधलेलं नाही, लक्ष हललं की थेट जमिनीवर. त्याला मी सायकलिंग म्हणेन. कुरकुरत का होईना.

मागचा_ब्रेक
यादीत दोन रकाने करतोय, रस्ता आणि घर. अर्धीफेरी, तुमचे मागचे आकडे असतील तर पाठवा. वजन कोणी पाठवू नका.

वॉटवेडा
रोलर्स कुठल्या रकान्यात?

खालचामजला
त्याचा आवाज किती येतो ते आधी सांगा.