मदत हवी आहे: नववीच्या मुलांना वेगवेगळ्या पंथांची चर्च दाखवायचीयत

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात एका मराठी शाळेत इतिहास शिकवते. जानेवारीत एका शनिवारी 34 मुलांना घेऊन तीन चर्च करायचा विचार आहे, तलावपाळीचं सेंट जॉन बॅप्टिस्ट म्हणजे कॅथलिक, मग सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट पंथाचं सेंट जेम्स, आणि दुपारी वाशीकडे एखादं मल्याळी ऑर्थोडॉक्स. वर्गात एक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातला, मुलगा आहे, घरी मराठीच बोलतात, त्याला बाकीची पोरं विचारतात तू ख्रिश्चन मग मराठी कसा, म्हणून मला हे करायचंच आहे.

पण भीती वाटतेय. गेल्या वर्षी एका चर्चमध्ये रविवारी मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, नेलं होतं, सगळे उठून रांगेत गेले तसा आमचा एक मुलगाही गेला, फादरनी तळहातावर ठेवलेली ती पांढरी गोल चकती त्याने शर्टाच्या खिशात टाकली, आईला दाखवायला म्हणून, त्याला प्रसादच वाटला. मागच्या बाकावरच्या आजींनी पाहिलं. फादर अजिबात रागावले नाहीत, ती हळूच काढून घेतली आणि स्वतः खाल्ली, पण आजींचे डोळे भरून आले होते, ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. मुलांना आधी काय सांगू? आणि ऑर्थोडॉक्सचं तर मला काहीच माहीत नाही.

वसईकर_ठाण्यात: ताई, आमच्यासाठी ती चकती ख्रिस्ताचं शरीर असते, प्रसादासारखी घरी नेत नाहीत, एवढं मुलांना सरळ सांगा, समजतं त्यांना. मिस्सा चालू असेल तर जागेवर बसून राहायचं, कोणी रांगेत गेलंच तर दोन्ही हात छातीवर क्रॉस करायचे, फादर नुसता आशीर्वाद देतात. खरंतर सकाळीच जा, शनिवारी संध्याकाळी रविवारची मिस्सा असते. आत वेदीजवळ लाल दिवा दिसेल तो दाखवा, ख्रिस्ताचं ते शरीर तिथे ठेवलेलं असल्याची ती खूण.

पाळकांची_लेक: आमच्याकडे सीएनआयमध्ये क्रूस बहुतेक साधा असतो, त्यावर येशूची मूर्ती नसते, हा फरक मुलांनाच शोधू द्या. सीएनआय 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली, हे इतिहासाच्या बाईंना आवडेल. आणि मराठी उपासनेत ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांची भजनं गातात, त्या मुलाचं उत्तर तिथेच मिळेल सगळ्यांना. ऑर्थोडॉक्सला चपला बाहेर, मुलींना डोक्यावर ओढणी, मुलगे एका बाजूला मुली एका बाजूला, आणि वेदीपुढच्या पडद्यापलीकडे मुळीच जायचं नाही. दुपारी कुलूप असू शकतं, अच्चनना, म्हणजे तिथल्या फादरना, आधी फोन करा.

धागाकर्ती: दोघांचे खूप आभार, हात छातीवर हे कुणी सांगितलंच नव्हतं, सोमवारी वर्गात करून दाखवते. अच्चनशी मराठीत बोललं तर चालेल ना?

पाळकांची_लेक: बोला की, नाहीतर हिंदी आहेच. परवानगीचं पत्र मात्र शाळेच्या लेटरहेडवर न्या.