विषय: कोल्हापूरच्या घरी आईबाबांसाठी ट्रेडमिल घ्यावी का?

प्रेषक: अमृता

मंडळी नमस्कार,

मी सध्या कोल्हापुरात आहे, माहेरी, शिवाजी पेठेत, आणि सुट्टी संपायच्या आत एक विषय मार्गी लावायचाय म्हणून आपल्या मेलिंग लिस्टवर टाकतेय. बाबा ७१, आई ६७. बाबा वर्षानुवर्षं पहाटे रंकाळ्याला चक्कर मारायचे, पण हल्ली पाऊस लागला की घराबाहेर पडत नाहीत, रस्त्याची चाळण आणि त्यात अंधारात कुत्री, आणि एकदा सवय मोडली की दसरा झाला तरी गाडी परत रुळावर येत नाही. आईला शुगर आणि गुडघे दोन्ही, ती तर चालायचं नावच काढत नाही.

दुबईतला भाऊ म्हणतो मी ऑनलाइन ट्रेडमिल मागवतो, तू फक्त जागा कर. जागा म्हणजे वरची माडी, कारण खाली सोप्यात ठेवली तर आल्यागेल्याला बसायचं कुठं असं आईचं म्हणणं. घर जुनं आहे, माडीला लाकडी तुळया आणि फळ्या. किती एचपीची (हॉर्सपॉवरची) मोटर घ्यायची, कुठल्या कंपनीची, की सायकल बरी? न्यू जर्सीतनंच काही आणायला पाहिजे होतं का? पैसे भाऊ देतोय त्यामुळे ती चिंता नाही, पण पुढच्या वेळी आले की त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेले बघायचे नाहीत मला.

प्रेषक: रणजित (डेट्रॉइट)

अमृता, माडीवर तर अजिबात नको. नादच करू नको त्याचा. मशीनच पन्नास-साठ किलोचं धूड, त्याच्यावर बाबा, आणि चालणारा माणूस नुसता उभा नसतोय, प्रत्येक पावलाला दणका बसतोय. जुन्या तुळया ते खपवून घेतीलही, पण फळ्या हलल्या की मशीन लेव्हलला राहत नाही आणि पट्टा एका अंगाला सरकत जातो, मग रोज पाना घेऊन मागं बसायचं. खाली फरशीवर रबरी मॅट टाकून ठेव नाहीतर घेऊच नको.

एचपीचं म्हणशील तर खोक्यावर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो बऱ्याचदा पीक एचपी असतो, म्हणजे क्षणभर मिळणारी ताकद. विचारायचा तो कंटिन्युअस एचपी, म्हणजे सलग मिळणारी. नुसतं चालायचं असेल तर दोन कंटिन्युअस भरपूर. पट्टा ४५ सेंमी रुंद आणि १२० सेंमी लांब तरी पाहिजे, त्याच्यापेक्षा अरुंद असला की म्हातारा माणूस पायाकडं बघत चालतो आणि तिथंच तोल जातो. पळणारं कोणी असेल तर ५० बाय १४० लागतो, पण तुमच्या घरात पळणारं कोण हाय? वजनाची मर्यादा बाबांच्या वजनाच्या वर वीसेक किलो मोकळी असलेली घे, अगदी काठावरची घेतलीस की मोटर सतत ओढत राहते.

आता लाइटचं. ह्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट लागतो आणि अर्थिंग खरोखरचं पाहिजे, पेठेतल्या जुन्या वायरिंगमध्ये तिसरी पिन बऱ्याच ठिकाणी नुसती शोभेला असते. एक्स्टेंशन बोर्ड नको. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालेल ही आशा सोड. इकडनं काही नेऊ नकोस, इथं १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, तिकडं २३० आणि ५०, म्हणजे एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर आला आणि वॉरंटी गेली.

कंपनीचं नाव विचारू नकोस, बिघाड झाला तर कोण येणार ते विचार. दुकानदार म्हणाला पुण्याहनं माणूस येतो, तर समजायचं पावसाळा संपल्यावर येतो. आणि पट्ट्याखाली सिलिकॉन तेलच घालायचं असतं, ते कोण घालणार हेही आत्ताच ठरव, कारण आमच्या ओळखीत एकांनी खोबरेल ओतलं होतं आणि मशीनला डोक्यासारखा वास यायचा.

प्रेषक: स्मिता

रणजितने मशीनचं सगळं सांगितलं, मी माणसांचं सांगते, फिजिओथेरपीत इतकी वर्षं हेच करतेय.

अगं अमृता, दुकानात जायच्या आधी घरी एक कर. हात नसलेली साधी खुर्ची घे, बैठक साधारण ४३ सेंमी उंच, भिंतीला टेकवून ठेव, दोन्ही हात छातीवर आडवे धरायला सांग आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोज, तू शेजारी उभी राहा. बाबांच्या वयाला १२ च्या खाली आले तर पाय कमजोर आणि पडायचा धोका जास्त असं आम्ही धरतो, आईच्या वयाला ११ च्या खाली. असं निघालं तर चालता पट्टा ही पहिली खरेदी नव्हेच, आधी मांड्यांना आणि कमरेला बळ यायला हवं आणि त्याला खुर्चीच पुरते, सकाळ-संध्याकाळ आठ-दहा वेळा उठबस, जमायला लागलं की हातात एक-एक किलोचं डंबेल.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला बघितलास तर आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं बेताचा दम लागेल अशी हालचाल हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच सल्ल्यात पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्यातनं दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोलाचा व्यायामही सांगितलाय. तो भाग कोणी वाचत नाही कारण त्याला विकण्यासारखं मशीन नाही, असं माझं कुत्सित मत.

आईसाठी सायकल, पण पाठीला टेका असलेली, पेडल समोर असतात ती, रिकंबंट म्हणतात. उभ्या सायकलवर तिला पाय वर टाकून चढावं लागेल आणि गुडघेवाल्या बायका तिथंच कंटाळतात. रेझिस्टन्स, म्हणजे पेडल जड करायची सोय, मॅग्नेटिक घे, ब्रेकपॅड घासणारी नको, ती आवाज करते आणि पॅड झिजतात. सीट अशी लावायची की पेडल सगळ्यात लांब गेल्यावरसुद्धा गुडघ्यात थोडा बाक राहील, पाय ताठ झाला किंवा गुडघा पोटाशी आला तर दुखणं वाढणार. तुझी आई उंचीने लहान असेल तर सीट पुढं किती सरकते ते आवर्जून बघ, ऑनलाइन फोटोत ते कळत नाही. आणि शुगर आहे म्हणून सांगते, अनवाणी सायकल मारायची नाही, मोजे आणि बूट, आणि नंतर तळवे बघायचे. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर व्यायामाची वेळ आणि आधी काय खायचं ते त्यांच्या डॉक्टरना विचारून ठरवा. बाबांना बीपी असेल तर वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, मोठ्याने आकडे मोजायला सांग, म्हणजे आपोआप श्वास चालू राहतो.

वॉकिंग पॅड म्हणून जे दांडी नसलेलं पातळ मशीन मिळतं ते या वयाला कृपया नको. मोटर नसलेली ट्रेडमिलही नको, तिचा पट्टा पायाने ढकलायचा असतो, म्हातारी माणसं दांडीवर ओणवी होऊन ढकलतात.

प्रेषक: जयदीप

कुस्त्यांचं खासबाग मैदान जिथं आहे त्या गावात ट्रेडमिल ऑनलाइन मागवायची म्हणजे कमाल आहे राव. 😀 आधी रविवारचा तांबडा-पांढरा एका वाटीवर आणा, मग बघू.

प्रेषक: शामकाका (सध्या मुक्काम राजारामपुरी)

पोरी, मी दोन वर्षं झाली परत येऊन, मेल अजून वाचतो. जयदीप, तुझी वाटी आम्हाला ठाऊक आहे, तू गप्प.

पहिलं सांगतो ते जरा लागेल. इथं माझ्या आजूबाजूला चार घरं सोडून एकेका घरात परदेशातल्या पोरांनी पाठवलेली मशिनं आहेत. पोरं फोनवर विचारतात, बाबा केला का व्यायाम, म्हातारी हो म्हणतात, दोन्हीकडं समाधान. मशीन कोणी निवडलं? पोरानं. घरात कुठं बसतंय, आवाज किती, बटणावरचं अक्षर दिसतंय का, हे कोणी बघितलं? कोणीच नाही. म्हणून तुझ्या भावाला सांग, पैसे पाठव पण बटण दाबू नको. आईबाबांना रिक्षात घाल, दुकानात ने, बाबांना ताशी साडेतीन-चार किलोमीटरच्या वेगावर दहा मिनिटं चालव, आईला सायकलवर बसव आणि स्वतःहून उतरता येतंय का बघ. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान.

दुसरं, करोनात घेतलेली मशिनं गावात पडून आहेत, जुनी स्वस्तात मिळतात. ट्रेडमिल जुनी घेणार असलीस तर बहुतेकींच्या डिस्प्लेत एकूण किती तास चालली ते निघतं, ते काढायला लाव. मग कमी वेगावर चालू करून वर उभं राहून जरा पायानं रोखून बघायचं, पट्टा अडखळला तर एकतर पट्टा ढिला नाहीतर मोटर दमलेली. आणि मालक नदीकाठचा असेल तर २०१९ आणि २०२१ ला घरात पाणी आलं होतं का ते स्पष्ट विचारायचं. लाजायचं नाही. पुरात बसलेलं मशीन वरनं पुसून चकचकीत करतात, आत गंज तसाच.

तिसरं, बाबांचं. त्यांना चालायची सवय आहे ती चांगलीच आहे, पाऊस उघडला की परत रंकाळा. मधल्या महिन्यांसाठी भिंतीला धरायला एक पाइप लाव, कमरेच्या उंचीला. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला माप दिलंस की संध्याकाळपर्यंत करून देतोय, स्टीलचा सांग, लोखंडाला इथल्या दमट हवेत पहिल्याच पावसाळ्यात गंज. त्याला धरून टाचा वर करायच्या, एका पायावर उभं राहायचं. विटेच्या भिंतीत लांब फास्टनर घालायला लाव, जुनी पांढऱ्या मातीची भिंत असेल तर त्याला आधी सांग, तिथं साधा स्क्रू धरत नाही.

आणि मुद्गलाचं, म्हणजे पैलवान फिरवतात त्या जड लाकडी गदेचं, कोणीतरी काढणारच म्हणून आधीच सांगतो, तालमीतला मुद्गल बघून ह्या वयात उचलू नका, खांदा निखळायचा. पोरवयात फिरवला असेल तर हलकी जोडी चालेल, तीही कोणाच्या तरी नजरेखाली, आणि वर पंखा नसलेल्या जागी.

प्रेषक: अमृता

काका, लागलं, पण बरोबर लागलं. भावाला तुमचा मेल जसाच्या तसा पाठवला, त्याने दोन दिवस उत्तरच दिलं नाही, मग एकदम म्हणाला सायकलचे किती होतात ते सांग.

खुर्चीवर बाबांचे नऊ झाले. त्यांना वाटलं मी चुकीचं मोजलं, परत केले, परत नऊ. रोज रंकाळ्याला जाणारा माणूस म्हणून मला त्यांचे पाय दणकट वाटायचे, स्मिताताई म्हणाल्या चालण्याने दम टिकतो, उठायची ताकद वेगळी. आईने मात्र बारा काढले आणि आता ते सगळ्या गल्लीला सांगून झालंय.

दुकानात गेलो दोघांना घेऊन. पहिल्या रिकंबंटवर आईचा पाय पेडलपर्यंत नीट पोचलाच नाही, सीट शेवटच्या खाचेला आणूनसुद्धा चवड्यावर आली. दुसरीत सीट पट्टीवरनं सलग सरकते, खाचा नाहीत, ती बरोबर बसली. साडी पेडलमध्ये येते का तेही तिथंच कळलं, येते, त्यामुळे सलवार घालायची असं ठरलंय, म्हणजे मी ठरवलंय. ती सायकल सोप्यात खिडकीपाशी आली कारण तिला रस्ता दिसायला पाहिजे म्हणे. लागणारी जागा आल्यागेल्यांच्या एका खुर्चीएवढी, त्यामुळे तो वाद मिटला. ट्रेडमिल नाही घेतली. बाबांना दुकानात चालवून बघितलं तर पूर्ण वेळ दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून, खांदे कानाला, आणि उतरल्यावर पहिलं वाक्य, ह्याच्यापेक्षा मी सोप्यातनं परड्यापर्यंत फेऱ्या मारीन.

पाइप उद्या लागतोय. डंबेल एक आणि दोन किलोच्या जोड्या घेतल्या, स्वस्तात आतून सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या मिळत होत्या पण जाडजूड असल्याने आईच्या मुठीत बसेनात, म्हणून रबर चढवलेल्या लोखंडी.

एक अडलंय. ताणून व्यायाम करायचे रबरी बँड घेतले, त्याच्याबरोबर दारात अडकवायचा पट्टा आला, तो आमच्या दुपाखी दारात टिकत नाही, दोन फळ्यांच्या मध्ये एवढी फट की ओढला की ठोकळा सरळ बाहेर. काय करू?

प्रेषक: रणजित

दारात अडकवूच नको, तो ठोकळा एखाद्या दिवशी तोंडावर येईल. उद्या पाइपवाला येणारच आहे तर त्याला बाजूला छातीच्या उंचीला एक बंद रिंग बोल्टनं बसवायला सांग, वेल्डिंगचं टोक घासून गुळगुळीत करून घे नाहीतर रबर कापलं जाईल. बाबांनी लोंबकळून बघायच्या आधी तू लोंबकळून बघ.

प्रेषक: स्मिता

आणि बँड खिडकीत उन्हात लटकवून ठेवू नका, रबर वाळतं. वापरायच्या आधी ताणून बारीक चिरा दिसतात का बघायचं, दिसली की सरळ टाकून द्यायचा, गाठ मारून चालवायचा नाही, आपल्याकडं तेच करतात. बाबांची खुर्चीवरची उठबस महिन्याभराने परत मोज, फोनवर नको, शेजारच्या कोणाला तरी समोर उभं करून.

प्रेषक: शामकाका

मी मोजतो. रविवारी सकाळी येतो म्हणावं बाबांना, चहा बिनसाखरेचा.