‘तोरों’ला तोरण म्हणावं का?

प्रश्न
पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेन्ने गावच्या मातीच्या मोठ्या मशिदीवर मराठीत लेख लिहितेय आणि दोन शब्दांपाशी अडलेय. भिंतींतून बाहेर डोकावणाऱ्या ताडाच्या लाकडांच्या जुड्यांना ‘तोरों’ म्हणतात. कानाला अगदी तोरण वाटतं. तोच शब्द घ्यावा का? दुसरा शब्द फ्रेंच, ‘क्रेपिसाज’. दरवर्षी सगळं गाव मिळून मशिदीला मातीचा नवा थर देतं, ते काम. मी ‘डागडुजी’ लिहिलंय, पण वाचताना खटकतं.

प्रतिसाद
तोरण नको, ताई. आपलं तोरण दारावर असतं, मग ते आंब्याच्या पानांचं असो की दगडी कमानीचं. हे सगळ्या भिंतीभर पसरलेलं आहे. नुसत्या ध्वनीवरून नातं जोडलं तर वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र उभं राहील. त्या जुड्यांवर पाय रोवून गवंडी वर चढतात. म्हणजे परांची बांधायची आणि सोडायची भानगडच नाही, ती भिंतीतच कायमची ठेवलेली. मी ‘खुंट्या’ म्हणेन. ‘ताड’ मात्र बिनधास्त लिहा, तो आपल्या ताडाच्याच कुळातला आहे.

प्रश्नकर्ती
‘खुंटी’ने काम कळतं, रूप निसटतं. ऊन तिरपं झालं की त्यांच्या सावल्या भिंतीवर ओळीने उतरतात. तो दर्शनी भाग त्यांच्याशिवाय ओळखू येणार नाही. सोय कुठे संपते आणि शोभा कुठे सुरू होते, हे मला तिथे वेगळं काढता येत नाही.

प्रतिसाद
मग ‘तोरों’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘ताडाच्या खुंट्यांच्या जुड्या’ असं एकदा सांगा. परक्या बांधकामाचा प्रत्येक शब्द मराठीत आणलाच पाहिजे असं नाही. उलट कुठे कुठे आपला शब्द नेमका बसतो. ग्रेट झिम्बाब्वे या आफ्रिकेतल्या जुन्या दगडी नगराच्या चुन्या-मातीविना रचलेल्या भिंतीला कोकणातला माणूस ‘गडगा’च म्हणेल, फक्त हा गडगा काही ठिकाणी अकरा मीटर उंच आहे. इथिओपियातल्या लालिबेलाची चर्चं तर ‘बांधली’ लिहिणंच चूक. ती अखंड खडकातून कोरलेली आहेत, आपल्या कैलास लेण्यासारखी. म्हणून लेखाला ‘आफ्रिकी वास्तुकला’ असं सरसकट नाव देऊ नका. रचणं, कोरणं, लिंपणं ही तीन वेगळी कामं आहेत आणि त्यांच्यामागचा विचारही वेगळा.

दुसरा प्रतिसाद
‘डागडुजी’बद्दल. डाग पडला, मग तो बुजवला, असा त्या शब्दाचा सूर आहे. जेन्नेत काही बिघडलेलं नसतं. पावसाळ्याआधी थर चढतो, पाऊस त्यातला काही धुऊन नेतो, पुढच्या वर्षी पुन्हा थर. आमच्या मराठवाड्यात मिरगाच्या आधी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, नवी माती टाकायचे, त्याला माझी आजी कधी डागडुजी म्हणाली नाही. २००९ साली जोरदार पावसात मशिदीच्या दक्षिणेकडच्या मनोऱ्याचा भाग कोसळला, त्यानंतर झाली ती दुरुस्ती. हे दोन प्रसंग एकाच शब्दात घालू नका.

‘गिलावा’ही नको. तो एकदा केला की माणूस मोकळा होतो. ‘सारवण’ जवळ येतं, कारण तेही परत परत करायचं, पण त्यात शेण आणि जमीन मनात येते. इथे भाताचा कोंडा घालून कुजवलेला चिखल, भिंत आणि तळहात आहे. मशिदीचे कोपरे धारदार का नाहीत? वर्षानुवर्षं हात फिरून ते गोलावलेत. तिचं सौंदर्य या कामातूनच येतं.

मला ‘लिंपणी’ सुचतो. पेरणी, कापणी, मळणी यांच्या रांगेत बसतो. हंगाम आला की करायचं काम, आणि एकट्याने न होणारं.

प्रश्नकर्ती
लिंपणी! ऋतूही आला, माणसंही आली. वाक्य आता असं केलंय: ‘आजची इमारत १९०७ सालची, पण लिंपणीच्या दिवशी बायका-मुली पाणी वाहतात, पुरुष चिखल आणतात, गवंडी तोरोंवर चढतात, आणि संध्याकाळी मशिदीची कातडी त्या दिवसाची असते.’ ‘कातडी’ ठेवू की ‘अंग’?

दुसरा प्रतिसाद
अंग. अंगाला माती लावतात.