बीओपीच्या वर्कशॉपमधून यंत्ररचनेकडे वळता येते का?

तळोज्याचा_मेकॅनिकल:
सर्वांना नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर आहे. गेली चार वर्षे तळोजा भागातील एका वर्कशॉपमध्ये तेलविहिरींवरच्या ब्लोआउट प्रिव्हेंटरची, म्हणजेच विहीर उसळू लागली तर तिचे तोंड बंद करणाऱ्या बीओपीची, दुरुस्ती आणि चाचणी पाहतो. मुंबई हायवरच्या रिगवरून उतरवलेली यंत्रे आमच्याकडे येतात. ती उघडायची, धुवायची, मोजायची, रबरी पॅकर (गळती रोखणारे भाग) बदलायचे, टेस्ट स्टंपवर, म्हणजे चाचणीच्या बैठकीवर, चढवून दाब द्यायचा आणि दाबाच्या नोंदीचा चार्ट जोडून परत पाठवायची, असे हे काम आहे.

गेल्या पावसाळ्यात १३ ५/८ इंची, १०,००० पीएसआयची (पीएसआय हे दाबाचे एकक) एक डबल रॅम बीओपी आली होती. रॅम म्हणजे समोरासमोरून पाइपवर मिटणारे पोलादी ठोकळे. पूर्ण दाबाला चार्टवरची रेघ अजिबात हलत नव्हती, पण ३०० पीएसआयला ती हळूहळू खाली येत होती. रॅम पॅकर आणि वरचे सील दोनदा बदलूनही फरक पडला नाही. शेवटी दोन्ही बॉनेट (बाजूची झाकणे) उघडून, रॅम बाहेर काढून मी बॅटरी घेऊन आत वाकलो आणि कॅव्हिटीच्या, म्हणजे रॅम सरकते त्या पोकळीच्या, छतावर, जिथे वरचे सील टेकते त्या पट्ट्यावरून, नख फिरवले. एका जागी नख अडकले. डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी ती झीज होती. “जास्त दाब धरतो आहे ना, मग कमी दाबाचे काय घेऊन बसलात?” असे मला ऐकवण्यात आले. मी मापे घेऊन लेखी अहवाल दिला, तेव्हा कुठे ती बॉडी वेल्डिंग आणि मशिनिंगला गेली.

तेव्हापासून दोन प्रश्न मनात आहेत. ही यंत्रे मुळात कोणी घडवली: तेल शोधणाऱ्यांनी की यंत्र अभियंत्यांनी? आणि माझ्यासारख्या दुरुस्तीतल्या माणसाला पुढे रचनेच्या कामाकडे जाता येते का, की त्यासाठी ही नोकरी सोडून पुन्हा शिकायलाच बसावे लागेल? ती झीज रिगवरच, बीओपी खाली न उतरवता मोजता येईल अशा एका साधनाची कल्पनाही माझ्या डोक्यात घोळते आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

दर्यावरचा_निवृत्त:
तुमचा प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला, म्हणून सविस्तर लिहितो. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचे, चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी, अशी माझी नोकरीची बहुतेक वर्षे ड्रिलिंग रिगवर गेली. ‘सागर सम्राट’ या जपानमध्ये बांधलेल्या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हायला तेल शोधले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. मी त्यानंतरच्या पिढीतला.

आधी तुमच्या ३०० पीएसआयबद्दल. तुमचे बरोबर होते, आणि का बरोबर होते हे तुमच्या वरिष्ठांनाही समजावून सांगा. रॅम बंद झाली की विहिरीचा दाब तिच्या मागच्या बाजूला आणि खालच्या बाजूला येतो. तो तिला पाइपवर आवळतो आणि वर, कॅव्हिटीच्या छताकडे, उचलून धरतो. त्यामुळे दाब जितका जास्त, तितके सील घट्ट. १०,००० पीएसआयला रबर तुमच्या त्या खाचेत दाबून बसते आणि दोष झाकला जातो. ३०० ला ही मदत मिळत नाही, तिथे फक्त पृष्ठभाग आणि रबर यांची खरी गाठ पडते. म्हणूनच आधी २५० ते ३५० पीएसआयची चाचणी घ्यायची आणि मग वर जायचे, असा क्रम आहे. जास्त दाब आधी देऊन झाला असेल तर तो पूर्ण शून्यावर आणावा लागतो; थेट ३०० वर उतरवला तर आवळलेले सील तसेच राहते आणि चार्ट खोटी साक्ष देतो. विहिरीतून किक येते, म्हणजे खालचा वायू किंवा तेल अचानक विहिरीत शिरते, तेव्हा सुरुवातीला वरचा दाब पुष्कळदा थोडाच असतो, आणि रिगच्या मजल्याखाली गॅस पसरायला तेवढी गळती पुरते.

आता इतिहास. १० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासमधील स्पिंडलटॉपची विहीर उसळली. दिवसाला सुमारे एक लाख बॅरल तेल नऊ दिवस आकाशात उडत होते आणि ते रोखायचे साधन कोणाकडेच नव्हते. त्यानंतरही वीस वर्षे विहीर उसळणे म्हणजे नशिबाचा भाग, असेच धरले जाई. जेम्स अ‍ॅबरक्रॉम्बी हा विहिरी खोदणारा ठेकेदार होता आणि असे उद्रेक त्याने स्वतः भोगले होते. हॅरी कॅमरॉन हा ह्यूस्टनजवळचा यंत्रकारागीर. अ‍ॅबरक्रॉम्बीने कॅमरॉनच्या वर्कशॉपमध्ये जमिनीवरच्या भुशात बोटाने पहिले चित्र काढले, असे सांगितले जाते. समोरासमोर दोन रॅम आणि त्या पाइपवर मिटायच्या, एवढीच ती कल्पना. १९२२ मध्ये अर्ज केला, १९२६ मध्ये पेटंट मिळाले. पहिल्या यंत्रात रॅम हाताने स्क्रू फिरवून बंद कराव्या लागत. अमेरिकेच्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने २००३ मध्ये त्या यंत्राला ऐतिहासिक वारशाचा मान दिला.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की एकाला विहीर ठाऊक होती आणि दुसऱ्याला लोखंड. तुम्ही आज ज्या जागी उभे आहात ती कॅमरॉनची जागा आहे. हात न लावता ज्यांनी केवळ पडद्यावर बीओपी पाहिली आहे, त्यांना ती नखाची खाच कधीच सापडली नसती.

रचनाकार_ठाणे:
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, मात्र धाग्यावर एक काळजीची गोष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या मोजणीच्या साधनाची रचना कृपया इथे उघड करू नका. पेटंटचा अर्ज करण्यापूर्वी कल्पना जाहीर झाली की तिचे नावीन्य संपले असे कायदा मानतो. आधी नोकरीचा करार वाचा, कारण कामाशी संबंधित शोधाचा हक्क कोणाचा हे त्यात लिहिलेले असू शकते. त्यानंतर प्राथमिक अर्ज दाखल करता येतो, आणि संपूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिने मिळतात. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण पूर्वीची पेटंटे घरबसल्या, विनामूल्य शोधता येतात. तो शोध आधी घ्या. झिजणारा पट्टा बॉडीतून सुटा करून बदलता यावा, ही सोय असलेल्या रॅम बीओपी पूर्वीपासून बाजारात आहेत. त्यामुळे आपली कल्पना त्या दिशेची असेल तर निराशा होईल. मोजणीची असेल तर अजून वाव आहे, असे माझे मत आहे.

शिक्षणाविषयी थोडेसे. मी रचनेचे काम करते आणि आमच्याकडे पेट्रोलियमची पदवी असलेले फार थोडे आहेत. लागते ते यंत्र अभियांत्रिकीचेच: जाड भिंतीच्या दाबपात्रातले ताण, बोल्टचा पूर्वताण, रबराचे वागणे, आणि हायड्रोजन सल्फाइड असलेल्या विहिरींसाठी धातूची निवड. आपण ज्या बॉडीला वेल्डिंग केले म्हणता, तिथे नंतर कठिणता मोजली का? कार्बन आणि कमी मिश्रधातूच्या पोलादाला २२ एचआरसीची (रॉकवेल कठिणतेच्या मापाची) मर्यादा त्या वायूमुळेच आहे. त्याहून कठीण पोलाद अशा विहिरीत अचानक तडकते.

तळोज्याचा_मेकॅनिकल:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. कठिणता मोजली होती, तीन ठिकाणी, आणि उष्मा प्रक्रियेनंतरच. कल्पना मोजणीचीच आहे. ती इथे लिहिणार नाही. एक शंका राहते. बीओपीचे मूलभूत शोध शंभर वर्षांपूर्वीच लागून गेले असतील, तर आता करण्यासारखे उरले काय?

पंपवाला_चेंबूर:
उरले पुष्कळ आहे. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनवर ११ माणसे गेली आणि विहीर ८७ दिवस वाहत राहिली. समुद्रतळाशी बीओपी होती. पण दाबाखाली ड्रिल पाइप वाकून एका कडेला सरकला होता आणि कापणाऱ्या रॅमच्या पात्यांच्या कवेत तो पूर्ण आलाच नाही, असे चौकशीत आढळले. लांब, सडपातळ खांब दाबाखाली वाकतो हे आपण दुसऱ्या वर्षाला शिकतो. तेच इथे घडले. अशा पाइपला मध्यावर आणून कापणारी पाती घडवणे हे यंत्र अभियंत्याचेच काम आहे.

माझे क्षेत्र विहिरीत सोडायचे विद्युत पंप, म्हणून आर्मेस अरुतुनॉफची कारकीर्द सांगतो. हा अभियंता १८९३ मध्ये तिफ्लिसला जन्मला आणि १९२३ मध्ये अमेरिकेत गेला. मोटर आणि पंप दोन्ही विहिरीच्या तळाशी उतरवायचे, हे त्याचे म्हणणे सुरुवातीला कोणी मनावर घेतले नाही. अडचण खरीच होती: केसिंगमध्ये, म्हणजे विहिरीला आतून बसवलेल्या पोलादी नळीत, मावायचे तर मोटर मनगटापेक्षा फार जाड करता येत नाही, आणि बारीक मोटरला ताकद कुठून आणणार? त्याने ती लांबीतून आणली. मोटर कित्येक फूट लांब केली, तेलाने भरली, आणि विहिरीतले खारे पाणी त्या तेलात शिरू नये म्हणून मोटर आणि पंप यांच्यामध्ये वेगळा सीलचा भाग बसवला. १९२८ मध्ये फिलिप्स कंपनीच्या पाठबळाने तो ओक्लाहोमातील बार्टल्सव्हिलला गेला आणि तिथे या पंपांचे रेडा हे नाव उभे राहिले. आजही आमच्याकडे निकामी होऊन आलेला पंप उघडताना सर्वांत आधी तो मधला भाग पाहतो. त्यातले तेल दुधाळ दिसले की पाणी शिरले हे समजते, आणि मग मोटर उघडण्यापूर्वीच तिची अवस्था सांगता येते.

आपल्याला एक सुचवतो. पुढच्या प्रत्येक बीओपीच्या कॅव्हिटीची झीज ठरावीक आठ जागी मोजून वहीत नोंदवा, सोबत ३०० पीएसआयला दाब किती मिनिटांत किती उतरला तेही लिहा. किती झिजेला गळती सुरू होते हे दाखवणारी आपल्या हातची आकडेवारी असेल, तर पेटंटच्या अर्जाला आणि रचना विभागातल्या मुलाखतीला, दोन्हीकडे ती वही पुढे ठेवता येईल.

तळोज्याचा_मेकॅनिकल:
गेल्या चार वर्षांचे चार्ट कपाटात आहेत, झिजेची मापे मात्र कोणी ठेवलेली नाहीत. सोमवारी एक सिंगल रॅम उघडायची आहे. तिच्यापासून सुरुवात करतो आणि पंधरा-वीस नोंदी झाल्या की याच धाग्यावर कळवतो.