अनुभव धागा : जुनं दुखणं आणि भरतीचं मेडिकल

रामराम मंडळी. मी सेनेच्या मेडिकल कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. लखनौला ट्रेनिंग, मग कुठेकुठे पोस्टिंग, आणि मधून मधून भरतीच्या मेडिकलला ड्यूटी. छाती मोजायची, ७७ सेंटिमीटर आणि फुगवून ५ वाढली का बघायचं, वजन लिहायचं, पोरांना ओळीत उभं करून डॉक्टरसाहेबांपुढे न्यायचं, हे माझं काम. आता सातारा जिल्ह्यात गावी असतो आणि पहाटे पोरांचं रनिंग घेतो.

एक पोरगा डोक्यातून जात नाही. रात्रभर ग्राउंडबाहेर बसलेला, दंडावर मार्करने लिहिलेला नंबर घामाने पसरलेला. पोटावर टाक्यांची जुनी खूण. साहेबांनी विचारलं, "हे कशाचं?" त्याने चड्डीच्या नाडीत खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत चौथीत असतानाचं डिस्चार्ज कार्ड, घडीवर फाटलेलं, सेलोटेप लावलेलं. साहेबांनी ते उजेडात धरून पूर्ण वाचलं. त्याच ओळीत त्याच्या मागच्या पोरालाही तशीच खूण होती. त्याच्याकडे कागद नव्हता आणि "काही नाही सर, लहानपणी लागलं होतं" एवढंच तो म्हणत राहिला. दोघांना मिळालेली वागणूक मी बघितली आहे.

म्हणून लिहा. कुठलं दुखणं होतं, कागद काय होते, काय विचारलं, पुढे काय झालं. नाव नको, जिल्हा पुरे. बाहेर पडलेल्यांनी तर नक्कीच लिहा. फिट झालेल्याची मिरवणूक गाव बघतं, अनफिट झालेला पोरगा पहिल्या एसटीने गुपचूप घरी येतो आणि त्याला काय कळलं ते पुढच्याला कधीच कळत नाही.

कोल्हापूर जिल्हा, अग्निवीर

मी नऊ वर्षांचा असताना जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं. घरात कुणाच्या लक्षातही नव्हतं. अकॅडमीत सरांनी अंगावरच्या सगळ्या खुणा दाखवायला लावल्या तेव्हा विषय निघाला. दवाखान्यात गेलो तर एवढी जुनी रजिस्टरं ठेवत नाहीत म्हणाले. शेवटी आजीच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, माझ्या जन्माच्या दाखल्याबरोबर कार्ड सापडलं. आजीला वाचता येत नाही, पण दवाखान्याचा कागद टाकायचा नाही एवढं तिला माहीत.

मेडिकलला उभं करून खोकायला लावलं, परत खोक, जोरात खोक. खूण दिसली, मी सांगितलं. पुढे मिलिटरी हॉस्पिटलला रिव्ह्यूसाठी, म्हणजे फेरतपासणीसाठी, सर्जनकडे पाठवलं. ते चार दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. सर्जननी झोपवून, उभं करून तपासलं, कार्डावरची तारीख बघितली आणि फिट लिहिलं.

(सुभेदार : अधिकारी भरतीच्या नियमात तर पोटाच्या पुढच्या भिंतीच्या हर्नियाला ऑपरेशननंतर २४ आठवडे गेल्याचा लेखी पुरावाच मागतात. आजीला माझा नमस्कार सांग.)

बीड जिल्हा

आमचं घर ऊसतोडीचं. दिवाळी झाली की आईबाप कारखान्याला, आम्ही आजोबांकडं. अकरावीत सुट्टीत मी पण गेलो होतो. उसाच्या ट्रॉलीवरून पडलो आणि डाव्या हाताची मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडली. मुकादमाकडून उचल घेऊन बापानं ऑपरेशन केलं. दोन प्लेटा टाकल्या. हात एकदम चांगला झाला. मी त्याच हातानं बीम, म्हणजे पुल-अप, मारायचो.

कोरोनात दोन वर्षं भरतीच निघाली नाही. मग अग्निपथ आलं, त्या पहिल्या वर्षी वयाची अट २१ ची २३ केली म्हणून मी बसलो. दीड हजार पोरांत पळालो. १.६ किलोमीटर, साडेपाच मिनिटांच्या आत, पहिल्या गटात. ६० मार्क. बीम दहा, ४० मार्क. शंभरपैकी शंभर. नऊ फुटाचा खड्डा एका उडीत. मी बापाला फोन करून सांगितलं की झालं.

दुसऱ्या दिवशी मेडिकल. साहेबांनी हाताच्या खुणेवरून नुसतं बोट फिरवलं आणि विचारलं, "अंदर प्लेट है?" मी हो म्हणलो. त्यांनी माझ्या मार्कांच्या कागदाकडं बघितलं, परत हाताकडं बघितलं. म्हणले, "निकलवाया क्यों नहीं?" मला काय उत्तर द्यावं कळेना. कुणी सांगितलंच नव्हतं की काढायची असते. ज्यानं बसवली त्या डॉक्टरनं नाही, अकॅडमीनं बारा हजार फी घेतली त्यांनी नाही. मला वाटायचं हात चालतोय म्हणजे झालं.

नंतर काढली. काढायला परत उचल. काढल्यावर हाड भरायला वेळ द्यावा लागतो, तोवर वय गेलं. आता एसआरपीएफची, म्हणजे राज्य राखीव पोलिसांची, तयारी करतोय. दोन्ही प्लेटा घरी डब्यात आहेत, आईनं ठेवल्यात, आठ-आठ भोकांच्या. त्या बघितल्या की मला त्या साहेबांचा चेहरा आठवतो. त्यांना पण वाईट वाटलं होतं, एवढं मी नक्की सांगतो.

(सुभेदार : लेकरा, हे वाचून मी उठून बाहेर जाऊन आलो. बाकीच्यांनी नीट ऐका. अंगात प्लेट, रॉड, स्क्रू असेल तर हात कितीही चालो, अनफिटच. सांध्याबाहेरचं फ्रॅक्चर असेल तर इम्प्लांट काढून किमान १२ आठवडे गेल्यावर विचार होतो. सांध्यात गेलेलं मोडणं असेल तर गोष्ट फार अवघड. म्हणून सतराव्या वर्षीच हाडाच्या डॉक्टरला विचारा, "काढता येईल का आणि कधी?" वय थांबत नाही.)

नाशिक, आई

माझ्या मुलीला दीड वर्षाची असताना तापात झटका आला होता. डोळे फिरले, दातखिळी बसली, मी तिला तशीच उचलून रिक्षात घातलं. दोन वर्षांची असताना आणखी एकदा. त्यानंतर आजतागायत काही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मुलींना एनडीएची परीक्षा खुली केली तेव्हा ती दहावीत होती. तेव्हापासून दुसरं काही तिच्या डोक्यात नाही. लेखी परीक्षा निघाली, भोपाळला एसएसबीचे, म्हणजे निवड मुलाखतीचे, पाच दिवस झाले, रेकमेंड झाली. मेडिकलच्या आधल्या रात्री घरात वाद. मोठे दीर म्हणाले, "झटका हा शब्द तिथे काढूच नका, फाईल बंद होईल." माझंही मन डळमळलं, खोटं का बोलू. तीच म्हणाली, "आई, पहिल्याच कागदावर खोटी सही करून मी तिथे कशी जाऊ?"

तिने लिहिलं. त्यांनी बारकाईने विचारलं. किती वर्षांची होती, ताप होता का, एक बाजू लुळी पडली होती का, नंतर औषधं किती दिवस. मी बालरोगतज्ज्ञांची ती जुनी फाईल बरोबर दिली होती, त्यात तापाचे आकडे होते, १०३. मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवून तपासण्या केल्या. फिट मिळालं. पुढे मेरिट लिस्टमध्ये थोडक्यात राहिली, तो भाग वेगळा. परत बसते आहे.

(सुभेदार : ताई, मुलीने बरोबर केलं. हवाई दल आणि नौदलाच्या अधिकारी भरतीच्या नियमात हा फरक लिहिलेला आहे. वयाच्या पाच वर्षांनंतर झटका आला असेल तर नकार. अगदी लहानपणी, तापामुळे आणि मज्जासंस्थेत दोष न राहता आला असेल तर तो तेवढा धोक्याचा धरत नाहीत. पण तो तापातलाच होता हे कागदावरूनच कळणार ना?)

नंदुरबार जिल्हा

टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या घेतल्या, एक दिवस चुकवला नाही, लघवी लाल व्हायची तरी घेतल्या. बरा झालो, सरकारी कार्डावर तसं लिहून दिलं. एक्स-रेत उजवीकडे वर डाग राहिला. बस, त्या डागावर गेलं. दम पूर्ण आहे, डोंगर चढतो. आजार गेला तरी खूण मोजतात, याचा मला अजून राग आहे आणि तो मी इथे लिहितो.

(सुभेदार : राग बरोबर आहे, लिहिलास ते बरं केलंस. उपचार संपून दोन वर्षं झाली आणि फोटोत काही उरलं नाही तर हवाई दलाच्या नियमात जुना टीबी चालतो. डाग दिसला की मात्र नाही. उंचावर, थंडीत, हवा विरळ असताना ते फुफ्फुस कसं वागेल याची खात्री कुणी देत नाही, म्हणून. यात तुझं काही चुकलं नाही.)

पुणे, सीडीएस (अधिकारी भरतीची परीक्षा)

थोडक्यात लिहितो. चष्मा होता, अकॅडमीतल्या मित्राने लेसिक, म्हणजे लेझरने नंबर घालवायचं ऑपरेशन, करून घ्यायला सांगितलं. डोळ्यांच्या खाजगी दवाखान्यात "सैन्यासाठी चालतं" म्हणाले. माझं वय तेव्हा १९ वर्षं ४ महिने. नियम असा आहे की शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षाआधी झालेली नको, होऊन १२ महिने गेलेले हवेत, डोळ्याची लांबी २६ मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि बुबुळाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नको. माझी लांबी बसली, जाडी बसली, नजर ६/६. आठ महिन्यांची घाई नडली. ४२ दिवसांच्या आत अपील केलं, अपील बोर्डातही तेच. त्यांनी माझ्याशी नीट वागून, तारखा समोर ठेवून दाखवल्या. ऑपरेशन आधी आणि नियम नंतर वाचू नका. यूपीएससीच्या जाहिरातीच्या शेवटी पानंच्या पानं मेडिकल असतं, ते कुणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

जळगाव जिल्हा, वडील

मुलाचा कान वाहायचा, पडद्याला छिद्र. अनफिट झाल्यावर एक माणूस भेटला. रिव्ह्यूमध्ये करून देतो म्हणाला. मी दोन बैल विकले. फोन बंद झाला. पोलिसात गेलो नाही, लाज वाटली. तेवढ्याच पैशात पडद्याचं ऑपरेशन झालं असतं, हे मला कानाच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

(सुभेदार : भाऊ, लाज त्याला वाटायला हवी. अजूनही तक्रार द्या. रिव्ह्यूला वेगळे स्पेशालिस्ट नव्याने तपासतात. काही पोरं मुळात फिटच होणार असतात. त्यांचे पैसे हे लोक "आम्ही केलं" म्हणून ठेवून घेतात आणि बाकीच्यांचे घेऊन पळतात. धंदा एवढाच आहे.)

सिंधुदुर्ग जिल्हा

मी लपवलं होतं. लहानपणापासून दमा. पावसाळा लागला की रात्र रात्र बसून काढायची. मोठा झाल्यावर कमी झाला, म्हणून मेडिकलच्या फॉर्मवर "नाही" लिहिलं आणि सही केली. त्या दिवशी छाती साफ होती, कुणाला कळलं नाही. फिट.

ट्रेनिंगला जाताना आईने पंप दिला. मी तो मोज्यांच्या जोडीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. डिसेंबरपर्यंत निभावलं. रात्री बराकीत उशीत तोंड खुपसून खोकायचो. एकदा शेजारच्या बिहारच्या पोराने न बोलता स्वतःचं ब्लँकेट माझ्यावर टाकलं. जानेवारीत पहाटे पाच किलोमीटरच्या रनिंगला श्वास अडकला तो सुटेना. उस्तादांनी मला पाठीवर घेतलं आणि पळत एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नेलं. ते मला रोज ओरडायचे, त्या दिवशी पाठीवर असताना "बस बेटा, आ गया" म्हणत होते.

हॉस्पिटलमध्ये साहेबांनी विचारलं, कधीपासून? तेव्हा मी खरं सांगितलं. सांगताना रडलो. घरी पाठवलं. गावात अजून लोक विचारतात की का आलास. मी सांगतो, दमा होता आणि मी लपवला होता. माझ्या जागी कुणीतरी निरोगी पोरगा असता. त्याची जागा मी खाल्ली, हे मला श्वासापेक्षा जड जातं.

(सुभेदार : हे लिहायला छाती लागते. नोकरीत आजारी पडलेल्या जवानासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग खटल्याचा निकाल आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी आला होता असं धरावं, उलट सिद्ध करायचं काम सेनेचं. त्या जवानाला झटके यायला लागले होते, त्याला अपंगत्वाची पेन्शन मिळाली. हा आधार खरं लिहून भरती झालेल्या पोरांमुळे टिकतो. म्हणून तो फॉर्म खरा भरा.)

सोलापूर जिल्हा

काका, बीडच्या दादाचं काल वाचलं. माझ्या पायात रॉड आहे, नडगीच्या मधोमध. वय १८ वर्षं १ महिना. आज सिव्हिलला जाऊन विचारलं. काढता येतो म्हणाले, पुढच्या मंगळवारची तारीख दिली. कागद कुठले कुठले घेऊ?

(सुभेदार : पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड. आता रॉड काढल्याचं कार्ड, त्यावर तारीख आणि शिक्का स्पष्ट हवा. आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, नुसता रिपोर्ट नको, फिल्म मागून घे. सगळ्याच्या दोन झेरॉक्स. आणि टाके निघेपर्यंत पळायचं नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच. मंगळवारी झालं की कळव.)