गावच्या ग्रुपवर सगळे एकाच बाजूचे, खरं मत कसं कळन?

पऱ्हाटी: देशी दारूच्या परवानाधारक दुकानाचा विषय निघाला की 310 जणांच्या ग्रुपवर दहा-बारा जण ‘राहू द्या’ लिहितात, त्याले अंगठे पडतात, बाकी चूप. आता बंदीवालेच म्हणून राहिले की गाव बंदीच्या विरोधात आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकावा का?

बांधावरचा: पोल नका टाकू भाऊ. त्यात कोणी काय निवडलं ते नावासकट दिसते. पहिली पाच मतं दुकानदाराच्या माणसांची पडली की सहावा थबकतो. एलिझाबेथ नोएल-नॉयमन या जर्मन बाईनं 1974 मध्ये हेच मांडलं: आपण थोडे आहोत असं वाटलं की माणूस गप्प बसतो, त्यामुळं समोरचे आणखी जास्त दिसतात, मग पुढचा गप्प. मतचाचण्या घेणाऱ्या प्यू संस्थेनं 2013 मध्ये अमेरिकेत स्नोडेन प्रकरणाबद्दल (सरकारी पाळतीची गुपितं फोडणारा माणूस) विचारलं, तर समोरासमोर बोलायला 86 टक्के तयार, फेसबुक-ट्विटरवर 42 टक्केच.

गोधडी: आधी ग्रुपवर बाया किती आहेत ते मोजा! या कामी त्यांचं मत मोठं असते. 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज उत्पादन शुल्क खात्याकडे द्यायचा, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. यादीत 640 महिला असतील तर सह्या 160, आडवी बाटली निम्म्याहून जास्त, म्हणजे 320 च्या वर. हिशेब यादीतल्या सगळ्या महिलांवर असते, मतदानाले आलेल्यांवर नाही. म्हणून वेचणीच्या दिवसात तारीख आली तर गडबड. जी आली नाही तिचं मत उभ्या बाटलीलेच गेल्यासारखं.

बांधावरचा: खरी अडचण सहीत आहे. मत गुप्त, सही उघडी. पडताळणीत काही जणी दबावानं माघार घेतात, काहींचं नाव यादीशी जुळत नाही (माहेरचं नाव, चुकलेलं वय). 160 लागत असतील तर 210 धरा.

पऱ्हाटी: एकच कागद गावभर फिरवला तर?

गोधडी: नको जी. वर कोणाची सही आहे ते पाहूनच खालची ठरते. गल्लीगणिक वेगळा कागद, पहिली सही त्याच गल्लीतल्या बाईची, सोबत दोघी. अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात सारख्या लांबीची रेघ ओळखायची होती अन् बाकीचे मुद्दाम चुकीचं सांगत; त्यात एक जरी सोबती खरं बोलला, तरी बाकीच्यांच्या हो ला हो मिळवणं एकदम कमी झालं होतं. दोन दिवसांत उरका, अन् ग्रुपवर आकडा टाकू नका. अर्धवट आकडा पाहून उरलेल्या थांबतात.